उसाच्या रानातील शेजारी

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग भोसरी व मोशी ही गावे मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावरून पलीकडे गेला, की थोड्याच वेळात चाकण लागते. येथील भुईकोट किल्ल्यात इ. स. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा याने मूठभर मावळ्यांनिशी शाइस्तेखानाच्या अफाट सैन्याला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले होते. त्याच चाकणभोवती आज तोफांचा नव्हे, तर यंत्रांचा आवाज रात्रंदिवस चालू असतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पवनेच्या काठच्या या लहानशा गावाचे भाग्य पालटू लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी व नंतर चाकण अशी कारखान्यांची रांगच उभी राहिली. ज्या माळावर एके काळी बाजरी डोलत असे, तेथे आज मोटारी तयार होतात.

याच चाकणच्या एका मोटार-कारखान्यात २०२४ सालच्या मार्च महिन्यात एक अनाहूत पाहुणा शिरला. यंत्रांच्या रांगांमधून एक बिबट्या फिरत आहे असे कामगारांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी! सुदैवाने कोणी धावाधाव केली नाही. माणसांना बाहेर काढण्यात आले, वनखात्याचे लोक व प्राण्यांचे डॉक्टर आले आणि त्यांनी गुंगीचे औषध दुरून टोचून त्या जनावरास निद्रिस्त केले. काही तासांच्या खटपटीनंतर तो बिबट्या पिंजऱ्यात गेला. माणसाला इजा झाली नाही आणि जनावरही सुखरूप राहिले.

ही बातमी वाचून शहरातील पुष्कळांना अचंबा वाटला. ‘जंगलातला प्राणी कारखान्यात आला कसा?’ असा प्रश्न जो तो विचारू लागला. परंतु खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर या तालुक्यांतील शेतकऱ्याला त्यात नवल वाटले नाही. तो बिबट्याला ‘वाघ’ असेच म्हणतो आणि हा वाघ त्याच्या बांधापलीकडे कित्येक वर्षे राहत आला आहे. मग तो जंगलातून आला, हे म्हणणे कितपत खरे? बिबट्या राहतो कोठे, खातो काय आणि माणसाच्या अंगावर येतो तो केव्हा व का, हे समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

बिबट्या हा मार्जारकुळातील प्राणी. वाघ व सिंह यांच्या मानाने तो लहान असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन बहुधा पन्नास ते सत्तर किलोग्रॅम भरते. मादी त्याहून हलकी असते. पिवळसर अंगावर काळ्या ठिपक्यांची वलये असतात. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते, त्यामुळे छायाचित्रावरून एक बिबट्या दुसऱ्यापासून ओळखता येतो. तो झाडावर सहज चढतो, पाण्यातून पोहून जातो आणि अंगाने लवचीक असल्यामुळे थोड्याशा आडोशालाही लपून राहू शकतो. दिवसा तो विसावा घेतो व रात्री हिंडतो. तो कळपाने राहत नाही. पिलांसह असलेली मादी सोडली, तर प्रत्येक बिबट्या एकटाच आपल्या ठरावीक मुलखात वावरतो आणि त्या मुलखाच्या सीमा वासाने, मुतारीच्या खुणांनी व नखांच्या ओरखड्यांनी आखून ठेवतो.

त्याचे सर्वांत मोठे बळ त्याच्या नखांत किंवा दातांत नसून मिळेल त्यावर भागविण्याच्या स्वभावात आहे. वाघाला विस्तीर्ण अरण्य लागते, मुबलक पाणी लागते, सांबर-गव्यासारखी मोठी शिकार लागते. बिबट्याचे तसे नाही. हरिण मिळाले तर हरिण, न मिळाले तर ससा, मोर, वानर, शेळी, डुक्कर, कुत्रे. आणि काहीच न मिळाले, तर उंदीर-घुशींवरही तो वेळ मारून नेतो. म्हणूनच जेथे वाघ नाहीसा झाला, तेथेही बिबट्या तग धरून राहिला आहे.

आता पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागाकडे वळू. पश्चिमेस सह्याद्रीची रांग, तीवर भीमाशंकरचे अरण्य, आणि तेथून पूर्वेकडे उतरणाऱ्या कुकडी, मीना, घोड, भीमा, भामा या नद्या. पूर्वी हा पूर्वेकडील मुलूख बहुतांशी कोरडवाहू होता. पावसावर बाजरी, मटकी, हुलगा पिकवावा आणि दुष्काळात पोट भरण्यासाठी मुंबईची वाट धरावी, असा येथील शेतकऱ्याचा क्रम असे. गेल्या अर्धशतकात हे चित्र पालटले. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे बांधली गेली. भीमेवर चासकमान व भामेवर आसखेड येथे धरणे झाली. कालव्यांनी पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला आणि उसाबरोबर साखर कारखाने आले. कोरड्या शिवारात बारमाही हिरवळ दिसू लागली. शेतकऱ्याच्या घरी चार पैसे खेळू लागले. ही गोष्ट आनंदाचीच होय.

परंतु निसर्गात कोणताही बदल एकटा येत नाही. ऊस हे बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक. त्याची उंची पुरुष-दीडपुरुष. आत शिरले, की चार हातांपलीकडचे दिसत नाही. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, पाटाला पाणी असते आणि माणसाचा वावर क्वचितच होतो. बिबट्याला अरण्यात जे हवे असते, म्हणजे लपण्यास दाट आडोसा, पिण्यास पाणी व पिलांना सुरक्षित जागा, ते सारे त्याला उसाने दिले. उरली अन्नाची सोय. तीही गावाने करून ठेवलीच होती. वस्तीभोवती मोकाट हिंडणारी कुत्री, उकिरड्यावरची डुकरे, गोठ्याबाहेर बांधलेली वासरे व उघड्यावरच्या शेळ्या म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेले ताटच!

हे केवळ अनुमान नव्हे. जुन्नरच्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले नावाचा तालुका आहे. तेथील शेतीप्रधान खोऱ्यात वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी रात्री आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावून बिबट्यांची गणती केली. त्या खोऱ्यात राखीव जंगल नव्हते, होती ती शेते व वस्त्या. आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत होती. तरीही शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच बिबटे आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जाणत्यांनाही आश्चर्य वाटले. पुढे याच शास्त्रज्ञांनी तेथील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने शेकडा ८७ भाग पाळीव व गावठी प्राण्यांचा होता आणि त्यातही शेकडा ३९ भाग एकट्या कुत्र्याचा होता. म्हणजे बिबट्या गावाजवळ राहतो तो माणसासाठी नव्हे, तर माणसाच्या आसऱ्याने वाढलेल्या जनावरांसाठी. तेव्हा तो ‘जंगलातून’ आला, हे म्हणणेच चूक ठरते. पुष्कळदा तो उसातच जन्मलेला असतो. त्याने अरण्य कधी पाहिलेलेच नसते.

मग माणसावर हल्ला होतो तो का? बिबट्या स्वभावतः माणसाला भितो. उभा, दोन पायांवर चालणारा, मोठ्याने बोलणारा प्राणी त्याच्या भक्ष्यात मोडत नाही. दररोज रात्री शेकडो माणसे त्याच्या जवळून जातात आणि त्यांना त्याची चाहूलही लागत नाही. कारण तोच अंग चोरून बसतो. परंतु अंधारात खाली वाकून गवत कापणारी बाई, बहिर्दिशेस बसलेला माणूस, अंगणात एकटे खेळणारे लहान मूल यांची आकृती त्याला माणसाची वाटत नाही. ती एखाद्या शेळी-वासरासारखी भासते. अशा वेळी क्षणार्धात घात होतो. पिलांसह असलेल्या मादीच्या अगदी जवळ कोणी नकळत गेले, तरीही ती अंगावर येते. जखमी झालेला, कोंडला गेलेला किंवा गर्दीने वेढलेला बिबट्या तर जिवाच्या आकांताने झडप घालतो. याखेरीज क्वचित एखादा बिबट्या असाही निघतो, की जो माणसाला भक्ष्य मानू लागतो. असे बिबटे थोडे असतात, परंतु ते फार भयंकर असतात.

या ठिकाणी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले, तर एक उद्बोधक तुलना हाती लागते. विदर्भात मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूर, गोंदिया या भागांतील रानांत अस्वले आहेत. अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे खाते. वारूळ उकरण्यासाठी त्याला बोटाएवढी लांब, बाकदार नखे असतात. वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसल्यामुळे पडलेल्या फटीतून ते वाळवी फुंकणीसारखी ओढून घेते. असा हा प्राणी माणसाला खाण्यासाठी कधी हल्ला करीत नाही. तरीही वनातील लोक वाघापेक्षा अस्वलाला अधिक भितात, आणि ते उगीच नव्हे. अस्वलाची नजर अधू असते. खाण्यात गढून गेले, म्हणजे त्याला माणसाची चाहूल लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. ती वेचण्यासाठी माणसे जातात, त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही आलेले असते. पुढे तेंदूपाने तोडण्याच्या हंगामातही अशीच गाठ पडते. एकाएकी माणूस समोर दिसला, की अस्वल दचकते. आणि दचकलेले अस्वल पळून जाण्याऐवजी पुष्कळदा अंगावरच धावून येते. त्याचा फटकारा बहुधा तोंडावर बसतो. पाठीवर पिले घेऊन चालणारी मादी असेल, तर तिचा आवेश विचारूच नये. म्हणून त्या भागातील जाणती माणसे एकट्याने मोह वेचावयास जात नाहीत. चार जण मिळून, मोठ्याने बोलत, काठी आपटीत जातात. दूर अमेरिकेच्या अरण्यांतही अस्वलांच्या मुलखात हिंडणाऱ्यांना असेच बोलत चालण्यास सांगितले जाते.

अस्वलाचा हल्ला दचकल्यामुळे होतो; बिबट्याचा हल्ला बहुधा फसगतीमुळे होतो. दोहोंची कारणे निराळी, परंतु बोध एकच. माणसाने आपली चाहूल आधी द्यावी आणि आपण माणूस आहोत हे त्या प्राण्याला स्पष्ट कळू द्यावे. शूरपणा दाखविण्यापेक्षा ही सावधगिरी अधिक उपयोगी पडते.

बिबट्याचा उपद्रव वाढला, की कोणाच्याही मनात पहिला उपाय येतो तो हा, की त्याला पकडावे आणि दूर जंगलात नेऊन सोडावे. वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. जुन्नर भागात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आहे. त्याचे फळ काय मिळाले, ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. त्यानंतर पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याचा क्रम जोराने सुरू झाला आणि २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची वार्षिक सरासरी सतरावर गेली. शिवाय हे हल्ले जेथे बिबटे सोडले गेले, त्या जागांच्या आसपास अधिक झाले. रोगावर औषध द्यावे आणि औषधानेच रोग बळवावा, तसा हा प्रकार झाला.

असे का व्हावे? कारण बिबट्या ही एका पोत्यातून काढून दुसऱ्या पोत्यात घालावयाची वस्तू नव्हे. आपल्या मुलखात पाणी कोठे आहे, कोणत्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसे कोणत्या वेळी कोठून जातात, हे सारे त्याला ठाऊक असते. म्हणूनच तो माणसाला टाळू शकतो. त्याला अपरिचित प्रदेशात नेऊन सोडले, की तो गोंधळतो. पिंजऱ्यात धडका मारून त्याचे दात व नखे पुष्कळदा दुखावलेली असतात. नव्या जागी आधीच दुसरे बिबटे असतात. ते त्याला थारा देत नाहीत. मग तो आपल्या घराच्या ओढीने चालू लागतो आणि वाटेतल्या अनोळखी गावांतून जाताना त्याची माणसाशी गाठ पडते. इकडे त्याची मोकळी झालेली जागाही रिकामी राहत नाही. थोड्याच दिवसांत दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी बिबट्या तेथे येऊन ठाण मांडतो.

घराची किंवा आपल्या जागेची ही ओढ किती प्रबळ असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात त्याचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याचे वय पाहून शास्त्रज्ञांनी त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले होते. हे आजोबा माळशेजला राहिले नाहीत. डोंगर, शेते, रेल्वेमार्ग व महामार्ग ओलांडीत, वसईच्या खाडीचे पाणीही पार करून, सुमारे १२० किलोमीटर अंतर तोडून ते थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचले! एवढ्या प्रवासात त्यांनी एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. पुढे २०११ साली रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. ज्याने माणसांना इतक्या शिताफीने टाळले, त्याला माणसाचे यंत्र मात्र टाळता आले नाही.

ऊसतोडीच्या हंगामात या शेजाराचे आणखी एक चित्र दिसते. फडात कोयते चालू असतात. ऊस आडवा होत जातो आणि अखेरच्या काही सऱ्यांत बिबट्याची दोन-तीन पिले आढळतात. मांजरीच्या पिलांएवढी ती पिले डोळे किलकिले करून पाहत असतात. आई भक्ष्याच्या शोधात गेलेली किंवा जवळच दडून बसलेली असते. कोणी कौतुकाने ती पिले उचलून घरी नेली, तर रात्री मादी चवताळून वस्तीभोवती हिंडू लागते आणि तो प्रसंग सर्वांनाच धोक्याचा होतो. म्हणून आता वनखात्याचे लोक व जुन्नरजवळील माणिकडोह येथील बिबट्या निवारण केंद्रातील प्राणिवैद्य निराळी रीत अवलंबितात. ते पिले तपासतात आणि संध्याकाळी ज्या जागी ती सापडली त्याच जागी एका पेटीत ठेवून दूर जातात. अंधार पडला, की मादी येते, एकेक पिलू मानेला हलकेच धरून उचलते आणि निघून जाते. अशा अनेक मातांना त्यांची पिले परत मिळाली आहेत.

हे सारे वाचून बिबट्याविषयी मनात कौतुक उत्पन्न होईल. ते योग्यच आहे. परंतु कौतुक करणाऱ्याने नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शहरात राहून बिबट्याचे गुणगान करणे सोपे असते. उसाच्या कडेला राहणाऱ्याचे तसे नाही. शेतीच्या पंपासाठी वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, म्हणून शेतकऱ्याला मध्यरात्री दारे धरावयास उसात उतरावे लागते. दूर जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत मुलाबाळांसह झोपतात. त्या कोपीला दारही नसते. धनगर आपल्या मेंढरांसह उघड्या रानात मुक्काम करतो. संकट पहिल्याने येते ते याच लोकांवर.

२०२५ सालच्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात थोड्याच दिवसांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुले होती. गावकऱ्यांच्या दुःखाचा व संतापाचा बांध फुटला आणि त्यांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. अखेर तेथील एका नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत काही लोक शेतात जाताना गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालू लागले. कारण बिबट्या प्रथम मानच धरतो. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे घालतात. ते पट्टे माणसांनी घालावेत, अशी पाळी यावी, यावरून त्या गावातील भय किती खोल गेले होते, ते ध्यानी येईल. ज्या घरचे मूल गेले, त्या घराला ‘बिबट्या माणसाला भितो’ हे वाक्य सांगून काय उपयोग? त्या घराचे दुःख जाणूनच उपाय शोधले पाहिजेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला व अस्वलालाही वरच्या श्रेणीचे संरक्षण दिलेले आहे. बिबट्यास कोणीही आपल्या मर्जीने मारू शकत नाही. परंतु तो माणसाच्या जिवावर उठला आहे अशी खात्री झाल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आज्ञेने त्याला पकडण्याची किंवा मारण्याचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. कायदा जसा प्राण्याचा विचार करतो, तसा माणसाचाही करतो. हल्ल्यात मृत्यू आल्यास किंवा जनावर मारले गेल्यास शासनाकडून भरपाई मिळते. अर्थात गेलेला जीव कोणत्याही रकमेने भरून येत नाही. खरा उपाय म्हणजे हल्ला होऊच नये अशी व्यवस्था करणे.

ती व्यवस्था फारशी अवघड नाही. रात्री जनावरे उघड्यावर न बांधता चारी बाजूंनी व वरूनही बंद असलेल्या गोठ्यात ठेवावीत. गावाभोवती कचरा व मेलेली जनावरे टाकू नयेत. कारण त्यामुळे कुत्री-डुकरे वाढतात आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. घराच्या भिंतीपर्यंत ऊस लावू नये. मध्ये काही अंतर मोकळे असावे. अंगणात दिवा असावा, घरात शौचालय असावे, आणि लहान मुलांना सायंकाळनंतर एकटे बाहेर सोडू नये. अंधारात शेतावर जाणे प्राप्तच असेल, तर दोघा-तिघांनी मिळून, हातात विजेरी व घुंगरांची काठी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. शेतीला दिवसा वीज मिळाली, तर पुष्कळ संकट आपोआप टळेल.

इतके करूनही कधी बिबट्या समोर आलाच, तर पळू नये. पळणारी वस्तू पाहून पाठलाग करणे हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. खाली बसू नये किंवा वाकू नये. ताठ उभे राहावे, हात वर करावेत, मोठ्याने ओरडावे आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावे. त्याची पळून जाण्याची वाट कधीही अडवू नये. तो एखाद्या घरात किंवा विहिरीत अडकला, तर गर्दी करू नये, दगड मारू नयेत, छायाचित्रे काढण्यासाठी जवळ जाऊ नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते लोक येईपर्यंत इतरांना दूर ठेवावे. चाकणच्या कारखान्यातील कामगारांनी नेमके हेच केले, म्हणून तो प्रसंग निभावला. पुष्कळ ठिकाणी बिबट्यापेक्षा गर्दीनेच अधिक अनर्थ घडविला आहे.

आपल्या पूर्वजांपाशी कॅमेरे व यंत्रे नव्हती. परंतु या शेजाऱ्याशी कसे राहावे, याविषयी त्यांचाही एक विचार होता. सह्याद्रीच्या कुशीतील गावांत आजही ठिकठिकाणी वाघोबाची ठाणी आढळतात. शेंदूर लावलेल्या दगडावर किंवा लाकडावर वाघाची आकृती कोरलेली असते. ठाकर, महादेव कोळी, वारली आदी लोक तिला नारळ वाढवितात, नैवेद्य दाखवितात आणि ‘आमच्या गुराढोरांना व लेकराबाळांना सांभाळ’ असे मागणे मागतात. या पूजेत भीती आहे आणि आदरही आहे. वाघाला त्याची सीमा असावी, आपल्याला आपली असावी आणि दोघांनी ती ओळखावी, असा समजूतदारपणा तिच्या मुळाशी आहे. आज ही सीमा शेंदराने नव्हे, तर बंद गोठ्याने, दिव्याने, स्वच्छतेने व ज्ञानाने आखावी लागेल. विचार मात्र तोच आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी कारखान्याचा भोंगा होतो, तेव्हा लक्षावधी घरांत चहा उकळत असतो. त्या चहात पडणारी साखर ज्या उसापासून होते, त्या उसात आदल्या रात्री कोणी शेतकरी दारे धरीत उभा होता आणि कदाचित दहा पावलांवर बिबट्याही निमूट बसून होता. शहराच्या सुखाचा धागा असा त्या काळोख्या रानापर्यंत पोहोचलेला आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा किंवा एकट्या वनखात्याचा नव्हे. साखर खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. उसाच्या रानातील शेतकरी निर्धास्त झाला, तरच तो बिबट्यालाही सुखाने नांदू देईल.

स्वाध्याय

१. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आल्यावर बिबट्याला कोणकोणत्या सोयी मिळाल्या?
२. बिबट्याचा हल्ला व अस्वलाचा हल्ला यांच्या कारणांतील फरक सांगा.
३. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्याने हल्ले कमी होण्याऐवजी का वाढले?
४. ‘आजोबा’ या बिबट्याच्या प्रवासाची हकीकत आपल्या शब्दांत लिहा.
५. ‘हा प्रश्न साखर खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे’ असे लेखक का म्हणतो?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, वेळ मारून नेणे, ठाण मांडणे, थारा देणे.
७. आपल्या परिसरात कोणते वन्य प्राणी दिसत असत व आज कोणते दिसतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.